बेसिनपाशी उभी असलेली मुलगी

गेल्या पावसाळ्यात खालच्या दाढेने मला तीन रात्री जागविले. चौथ्या दिवशी दंतवैद्याच्या खुर्चीत आडवा झालो आणि 'रूट कॅनल करावे लागेल' हे शब्द ऐकून भीतीऐवजी हायसेच वाटले. दुखण्याने टेकीस आलेला माणूस ट्रेमधील हत्यारे कोठून आली, हे विचारीत नाही. मीही विचारले नसते. पण मला माझी भाची आठवली.

बारावीनंतर ती दुसऱ्या गावी एका दवाखान्यात मदतनीस होती. रूट कॅनलच्या फाईल्स म्हणजे रंगीत मुठीच्या, पीळ असलेल्या बारीक सुया. दाताच्या मुळाच्या टोकापर्यंत जाऊन त्या सडलेला गर खरवडून काढतात. त्यांच्या पिळांत त्या गराचे कण अडकून राहतात. पातळ हातमोजे घालून ती त्या ब्रशने घाशीत असे. एका संध्याकाळी एक सुई बोटात रुतली. "डेटॉल लाव, काही होत नाही," असे तिला सांगण्यात आले. "मामा, कोणाला सांगू नकोस," म्हणत तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

रुग्णालयात पहिला प्रश्न आला, किती वेळ झाला? एच.आय.व्ही. टाळण्याचे औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. आमच्या हाती थोडेच तास उरले होते. दुसरा प्रश्न, हेपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का? सहा महिन्यांत तीन डोस, एवढीच ती बाब. पण तिला कोणी सांगितलेच नव्हते. 28 दिवस गोळ्या, मग कित्येक महिने रक्ततपासण्या. प्रत्येक अहवालाच्या आदल्या रात्री माझी बहीण जागीच असे. अहवाल निर्दोष आले. नोकरी मात्र सुटली.

तेव्हापासून मी या विषयाचे वाचू लागलो. नुसत्या उकळण्याने काही जिवाणूंचे चिवट बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफ, 121 अंश सेल्सियसला निदान 15 मिनिटे लागते. पण वाळलेल्या रक्ताखाली वाफही नीट पोहोचत नाही. म्हणून हत्यारे आधी धुवावी लागतात, आणि जेथे ध्वनिलहरींनी धुणारे यंत्र नाही, तेथे ती कोणाच्या तरी हातांनीच धुतली जातात. ब्रिटनमध्ये 2007 साली या फाईल्स एकदाच वापराव्यात, असे दंतवैद्यांना सांगण्यात आले. आपल्याकडे खर्चाकडे पाहून त्या पुन्हा वापरणाऱ्यास मी एकदम दोषी ठरवणार नाही. तो खर्च शेवटी रोग्याच्याच बिलात येतो.

असो. भीड बाजूला सारून मी विचारले, "डॉक्टरसाहेब, हत्यारे ऑटोक्लेव्हमधली आहेत ना?" ते रागावले नाहीत. बंद पाकीट त्यांनी माझ्यासमोर फाडले आणि रंग बदललेली पट्टी दाखविली. (ती पट्टी पाकिटाला उष्णता लागली एवढेच सांगते, हे मला ठाऊक होते, पण गप्प बसलो.) मग दाताभोवती रबराचा पडदा ताणला. 1864 मध्ये सॅनफर्ड बार्नम या अमेरिकन दंतवैद्याने आणलेली ही युक्ती. लाळेतील जंतू उघड्या मुळात उतरू नयेत म्हणून. तोंडावर छत्री उघडल्यासारखे वाटले.

पडदा बसण्याआधी मी आणखी एक विचारले होते, "आणि या मुलीने लस घेतली आहे का?" डॉक्टर थबकले. बेसिनपाशी उभ्या असलेल्या मुलीने मान खाली घातली.

आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा तिच्या हातांत भांडी घासण्याचे असतात तसे जाड हातमोजे होते. ते काढून तिने खिशातून लसीचे कार्ड काढले. पहिल्या रकान्यात तारीख होती, पुढचे दोन कोरे. "दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे, काका," ती म्हणाली, आणि मी तोंड उघडून आडवा झालो.