जाळीतलं गोकुळ

खर्र… खर्र… मग जरासा विसावा, आणि मग एक हलकी टक्. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारची जेवणं उरकून घर आडवं झालं, दारं लोटली गेली, वाळ्याच्या पडद्यावर शेवटचा तांब्या शिंपडून आजी माजघरात टेकली, की मागच्या अंगणातून हा आवाज सुरू व्हायचा. लांबवर मागांची खटखट दिवसभर चालूच असे, पण ती इतकी सवयीची की कानांवर पडूनही ऐकू येत नसे. हा आवाज मात्र त्या खटखटीच्या खालून, अगदी जमिनीलगत सरपटत येई आणि उशाशी थांबे. शहाबादी फरशीवर घासणारं कासवाचं पोट, आणि भिंत आली की तिला टेकलेलं त्याचं कवच. टक्. मग वळणं. मग पुन्हा खर्र…

वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली, तरी आजही कुणी फरशीवरून जड कुंडी सरकवली की माझ्या आत कुठेतरी दुपार होते.

काका रेल्वेत होते, गुंतकलच्या बाजूला. तिकडच्या खडकाळ, काटेरी माळांवर पावसाळ्याच्या तोंडाला ही कासवं दिसत, आणि पोरं ती उचलून स्टेशनावर आणत. त्यातलंच एक काकांच्या पिशवीतून आमच्याकडे आलं. वन्यजीवांचा कायदा व्हायच्या आधीचे ते दिवस; घरात कासव असणं शुभच मानलं जाई. ज्या लोहमार्गाने शहाबादची फरशी सोलापुरात आली त्याच मार्गाने, त्या फरशीवर चालायला, हे कासवही आलं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटे.

काय देखणं होतं ते! काळसर पाठीवर लहान लहान टेकड्या, प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर पिवळा ठिपका, आणि त्या ठिपक्यातून चारी बाजूंना पसरलेल्या पिवळ्या रेघा. उन्हात पाहिलं तर नुसती रेखीव नक्षी वाटे, पण सुक्या गवतात ठेवलं की कासव कुठे संपतं आणि गवताच्या काड्यांची सावली कुठे सुरू होते ते कळत नसे. जास्वंदीचं फूल पुढे धरलं की मान हळूच लांब होई. गळ्याच्या सुरकुत्या एकेक करून उलगडत. मग ते थांबे, फुलाकडे एका डोळ्याने बघे, तोंड उघडे, आतली गुलाबी जीभ दिसे, आणि पाकळीचा एक अर्धगोल तुकडा निघून जाई. तेवढ्या एका घासाला केवढा वेळ लागे! आम्ही पोरं उकिडवी बसून श्वास रोखून बघत असू. घोळाची भाजी निवडताना आजी जाड देठं बाजूला काढी, ती त्याचीच.

आजोबांनी अंगणाच्या एका बाजूला जाळी ठोकून घेतली होती. तिच्यात आधीपासून ससे होते, बदकांची जोडी होती, पिलांची एक कोंबडी होती; कासव आलं, तेही तिथेच गेलं. आजोबा त्या जाळीला गोकुळ म्हणत. एकटं जनावर झुरतं, असं त्यांचं ठाम मत. भरल्या घरात वाढलेला तो माणूस. सतरंजीवर शेजारी कुणी नसलं तर त्यांना झोप येत नसे. संध्याकाळी आरामखुर्ची जाळीसमोर ओढून ते बसत, आणि एकाच ताटलीत ससा आणि कासव तोंड घालताहेत हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते मी पुढे फार थोड्या चेहऱ्यांवर पाहिलं. बघणारा प्रत्येक जण म्हणे, किती गुण्यागोविंदाने राहतात सगळी. कासवाबद्दल तर हमखास म्हणत, ते बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्या बिचारेपणाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

कारण माळावरचं हे कासव भर दुपारी चालत नाही. पहाटे हिंडावं, उन्हं चढली की झुडपाच्या बुडाशी, गवताच्या जुडग्यात अंग लपवावं, कलती उन्हं झाली की पुन्हा निघावं, असा त्याचा दिवस. पावसाळी ढगाळ हवेत ते खुलतं, तेव्हा दिवसभरही फिरतं. मग वैशाखाच्या त्या तापल्या दुपारी आमचं कासव का चालत होतं? जाळीत सावलीचं एकच खोकं होतं, आणि त्यात ससे अंग पसरून पडलेले असत. उरलेल्या कोपऱ्यात बदकांचं पाणी सांडून चिखल झालेला. मधल्या मोकळ्या जागेत कोंबडी. तिला हलणारं, चमकणारं काहीही दिसलं की टोचून बघायचं असे, आणि कासवाचा डोळा तर चांगलाच चमकतो. म्हणून ते भिंतीच्या कडेकडेने जात राही. जी लय ऐकत आम्ही पोरं झोपी जात होतो, ती एका जिवाची जागा शोधायची लय होती.

कासवाच्या नाराजीला आवाज नसतो. ते ओरडत नाही, अंगावर येत नाही, शेपूट आपटत नाही. ते आत जातं. आणि आत गेलेल्याला आपण शांत म्हणतो. ज्यांनी वर्षानुवर्षं कासवं सांभाळली त्यांना हे कळलेलं असतं: एक कासव दुसऱ्याच्या मागे मागे फिरत असेल, त्याच्या वाटेत आडवं बसत असेल, त्याच्या पाठीवर चढून झोपत असेल, तर तो लळा नसतो; बहुतेक वेळा ती उबेच्या आणि अन्नाच्या जागेवरची दमदाटी असते. ज्याच्यावर ती होते ते कमी खातं, कमी हिंडतं, कोपऱ्यात राहतं. मारामारीचा मागमूसही दिसत नाही, आणि एक जीव दिसामासांनी खंगत जातो.

मग जे डोळ्यांना मुळीच दिसत नाही, त्याचं काय सांगावं? युरोपात घरोघरी बागेतून कासवं पाळतात. तिथल्या दोन जाती, ग्रीक कासव आणि हर्मान कासव, इतक्या सारख्या दिसतात की परक्या माणसाला भावंडंच वाटावीत. पण ग्रीक कासवाच्या अंगात हर्पीस जातीचा एक विषाणू काही लक्षण न दाखवता मुक्काम करून असू शकतो, आणि शेजारी ठेवलेल्या हर्मान कासवाचा त्याच विषाणूने जीव जाऊ शकतो. कासवाच्या आतड्यात निमूट राहणारा एक अमीबा सापांना आणि सरड्यांना मारतो. प्रत्येक जात आपापल्या मुलखातल्या जंतूंशी पिढ्यान्‌पिढ्यांचा सलोखा करून बसलेली असते. आपण प्रेमाने दोघांना एका कुंपणात आणतो, पण तो सलोखा काही त्यांच्याबरोबर कुंपण ओलांडत नाही.

तुम्हाला त्या पाणघोड्याच्या पिलाची गोष्ट आठवत असेल. २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीच्या सुमारास केनियाच्या किनाऱ्यावर ते कळपापासून तुटलं. त्याला मोंबासाच्या हॉलर पार्कमध्ये आणलं, आणि तिथे ते म्झी नावाच्या, शंभरी ओलांडलेल्या महाकाय अल्डाब्रा कासवाला जाऊन बिलगलं. त्या पिलाचं नाव ओवेन. दोघांची छायाचित्रं जगभर गेली, मुलांसाठी पुस्तकं निघाली. मीही ती छायाचित्रं पुन्हा पुन्हा पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी माझा गळा दाटला आहे. आईवेगळ्या पिलाने एखाद्या म्हाताऱ्या पाठीशी डोकं टेकावं, यात खोटं काहीच नव्हतं. पण पाणघोडा वाढत जातो, त्याची धसमुसळी माया कासवाला सोसणारी नसते. तेव्हा पुढे ओवेनला म्झीपासून वेगळं करून क्लिओ नावाच्या पाणघोड्याच्या मादीबरोबर ठेवलं. गोष्टीचा हा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही. मला तोच अधिक मायेचा वाटतो. ज्यांनी त्यांना वेगळं केलं त्यांना ते छायाचित्र मोडवत नसणारच. तरी त्यांनी मोडलं.

आणि एकत्र राहणं निसर्गात नाही का? आहे तर. सोलापूरपासून जवळच नान्नजचा माळ आहे, १९७९ साली माळढोकासाठी राखलेला. काळवीट, लांडगा, खोकड, ससा, चंडोल, घोरपड, सगळे एकाच गवतात. गुंतकलकडच्या माळावर कासवही असंच सशाच्या, तित्तिराच्या, मेंढरांच्या मुलखात राहतं. पण तिथे ससा आला तर कासवाला दुसरं झुडूप आहे. तिथे कुणाची वेळ पहाटेची, कुणाची रात्रीची. पाणवठा लांब आहे आणि कोरडी जागा भरपूर आहे. माळ सगळ्यांना एकत्र ठेवतो तो मधल्या अंतराच्या जोरावर. जाळीत आपण जनावरं आणली, दाणापाणी आणलं, सावलीही आणली. अंतर तेवढं आणता आलं नाही.

आजीला यातलं पुस्तकी काही ठाऊक नव्हतं. एका पावसाळ्यात बदकांच्या पाण्याने जाळीतली सगळी जमीन ओली राहिली आणि कासवाच्या श्वासाला बारीक शिट्टी लागली. नाकाशी बुडबुडे येऊ लागले. आजीने त्याला तळहातावर घेऊन कानाशी धरलं, जसं ती आमची छाती ऐके. काही बोलली नाही. तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला, तिने विटांची एक रांग लावली, आत कोरडी वाळू पसरली आणि एक फुटका रांजण आडवा करून ठेवला. कासव तिथे गेलं. आजोबांना वाईट वाटलं. एवढ्या गोकुळातून त्याला एकट्याला बाहेर काढायचं? आजी म्हणाली, “त्याला एकटं नाही वाटत हो. त्याला त्याचं घर वाटतं.”

शिट्टी हळूहळू गेली. आणि त्यानंतर दुपारची खर्र खर्र थांबली ती थांबलीच. दुपारभर ते रांजणात असे. उन्हं कलली की बाहेर येई, विटांच्या आत सावकाश एक फेरी मारी, घोळाचं देठ खाई, जरा वेळ मान वर करून आकाशाकडे बघत राही, आणि परत आत जाई. मला करमेनासं झालं. दुपारच्या त्या शांततेशी जुळवून घ्यायला मला फार दिवस लागले.

महादेवाच्या देवळात जाताना सभामंडपात दगडी कासव लागतं. आजी वाकून त्याला हात लावी आणि कासवीची गोष्ट सांगे: ती पिलांना पान्हा देत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. संतांनी ही उपमा किती आळवली आहे. खरी कासवी जमीन आपल्या मूत्राने ओलावून खड्डा करते, थोडीशी अंडी घालते, माती लोटते, पोटाने ती चोपून बसवते आणि निघून जाते. पिलांना ती पुन्हा ओळखतही नाही. तरी संतांच्या त्या उपमेवरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. लांब राहून, हात न लावता, कुणाची नुसती काळजी वाहावी. प्रेमाची ही तऱ्हा त्यांनी कासवाच्याच नावावर का लिहिली असेल, ते मला विटांच्या त्या रांगेशी बसून उमगल्यासारखं वाटतं.

आता या कासवांचे दिवस बिकट आहेत. हिंदुस्थानातून चोरून बाहेर नेल्या जाणाऱ्या प्राण्यांत या कासवाचं, म्हणजे स्टार कासवाचं, नाव फार वर आहे. म्हणूनच २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घातलं गेलं, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली तेव्हा त्याला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. तरीही वास्तूच्या, भरभराटीच्या नावाखाली ते विकलं जातं, आणि कासव म्हणजे पाण्यातलं अशा समजुतीने माशांच्या काचपेटीत सोडलं जातं. माळावरच्या या जिवाला पोहता येत नाही. लाल कानांच्या परदेशी पाणकासवांशेजारी ते बुडून मरतं, आणि घरातल्यांना वाटतं, मानवलं नाही.

तुमच्या ओळखीत कुणाकडे असं कासव असेल, तर त्याला कशाच्याही जोडीला ठेवू देऊ नका, आणि तळ्यात किंवा जवळच्या टेकडीवर नेऊन सोडूही देऊ नका. कोरड्या, हवेशीर खोक्यात एकटं ठेवायला सांगा आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नेणारी माणसं त्याला आधी इतरांपासून वेगळं ठेवतील, तपासतील, आणि मगच त्याचा माळ कुठला ते ठरवतील.