धीराचे दोन शब्द

आमच्या मंडळींत कोणावर दुःखाचा प्रसंग आला, कीं ‘जाऊन धीराचे दोन शब्द सांगून या,’ असें पाळकसाहेब आम्हां पंचांना सांगतात. हे दोन शब्द कोणते, हें आजवर मला कोणीं सांगितलेलें नाहीं. आणि जे मीं आपल्या बुद्धीनें योजिले, ते ऐकणाराच्या कितपत उपयोगीं पडले याचा विचार मनांत आला म्हणजे संकोच वाटतो.

आमच्या गांवीं, म्हणजे पूर्वीच्या नगर व २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, एक वृद्ध गुरुजी राहतात. मंडळीची पेटी अनेक वर्षें त्यांच्याच हातीं होती. तीन वर्षांपूर्वीं त्यांचा एकुलता मुलगा अपघातांत गेला आणि त्या आठवड्यापासून त्यांचें उपासनेला येणें बंद झालें.

पंधरा दिवसांनीं मी त्यांच्याकडे गेलों. जातांना पवित्र शास्त्रांत ईयोब, स्तोत्रें व रोमकरांस पत्र या ठिकाणीं खुणेच्या पट्ट्या घालून नेल्या होत्या. सलाम झाला, खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि अर्ध्या तासांत मीं गुरुजींना आशा, सहनशीलता व पुनरुत्थान हे तिन्ही विषय समजावून सांगितले. शेवटीं प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हां गुरुजी माझ्याकडेच पाहत होते. त्यांनीं डोळे मिटलेच नसावेत. ‘फार चांगलें बोललांत. आतां चहा घ्या,’ एवढेंच ते म्हणाले. आयुष्यभर मुलांचे पाठ ऐकलेल्या माणसानें पाठांतर बरोबर ओळखलें होतें!

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांचें कांहींच चुकलें नव्हतें. चुकलें तें तोंड उघडल्यावर. तोच ग्रंथ बगलेंत मारून मी गेलों होतों.

परततांना जें आठवलें, तें आठवूं नये असें वाटत होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझी पत्नी दोन महिने इस्पितळांत होती. तेव्हां हेच गुरुजी रोज संध्याकाळीं डबा घेऊन येत, बाकावर माझ्या शेजारीं बसत आणि रात्रीच्या एस्टीनें परत जात. एकही वचन त्यांनीं मला ऐकविलें नाहीं. त्या दिवसांत माझ्या विश्वासाची काय अवस्था होती, हें मीं कोणाला सांगितलेलें नाहीं. प्रार्थनेला बसलों कीं शब्द सुचत नसत. सुचलेच तर ते कोणी ऐकत असेल असें वाटत नसे. रविवारीं मी पंच म्हणून पुढच्या बाकावर बसत होतों, आणि आंतून रिकामा झालों होतों. शेजारीं बसलेला माणूस प्रार्थना करीत आहे, तेव्हां आज आपण केली नाहीं तरी चालेल, एवढ्या एका आधारावर ते दोन महिने निघाले.

प्रेषितांच्या कृत्यांत योसेफ नांवाचा एक लेवी आहे. त्याला प्रेषितांनीं बर्णबा म्हणजे बोधपुत्र असें नांव दिलें. बोध करणारा म्हटला कीं व्याख्याता डोळ्यांपुढें येतो. पण त्याचें स्वतंत्र असें एकही भाषण त्या पुस्तकांत नाहीं. शौलाला यरुशलेमेंतले शिष्य भीत होते, तेव्हां यानें त्याला हाताशीं धरून प्रेषितांकडे नेलें. वाटेंतून परत फिरलेल्या मार्काला बरोबर घेण्यास पुढें पौल तयार होईना, तेव्हां यानें पौलाशीं फारकत पत्करली आणि मार्काला घेऊन तो कुप्रास गेला. त्याच मार्काला पौलानें उतारवयांत आपल्याकडे बोलावून घेतलें.

असें उदाहरण शोधण्यास आपणां मराठी ख्रिस्ती लोकांना परदेशींच जावें लागतें असें नाहीं. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई बरोबर आल्या नाहींत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधलीं वर्षें त्यांनीं कशीं काढलीं तें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास ठाऊकच आहे. १९१९ सालीं टिळक वारले, ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें, आणि तें हातीं घेऊन पुढें नेलें तें याच बाईंनीं.

ही गोष्ट मीं आमच्या गेल्या वार्षिक सभेंत सांगितली. गैरहजर सभासदांचीं नांवें वहींतून कमी करण्याचा विषय निघाला होता, आणि यादींत गुरुजींचें नांव होतें. ‘भावनेनें नियम मोडत नाहींत,’ असें एकानें उत्तर दिलें. तें खोटें नव्हतें. निर्णय तूर्त पुढें ढकलला आहे.

दरम्यान मंडळीच्या पेटीचा भाता फाटला. ती उचलून मी एका गुरुवारीं गुरुजींकडे घेऊन गेलों. शास्त्र नेलें नाहीं. त्यांनीं चष्मा लावून दोन तास काम केलें. मी शेजारीं बसून स्क्रू सांभाळले. मुलाचें नांव त्यांनीं एकदांच घेतलें. तेंही त्याचा पेचकस शोधतांना. निघतांना म्हणाले, ‘काळी दोन अजून अडते. पुढच्या गुरुवारीं आणा.’

घरीं येऊन मीं ती पट्टी दाबून पाहिली. ती अडत नव्हती. गुरुवारीं पेटी घेऊन मी पुन्हां गेलों.