वर दोर कोण धरतो?

एका सत्रासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी बंगळूरला आलो, तेव्हा माझ्या सामानात वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या ‘राधामाधवविलासचंपू’ची एक जीर्ण प्रत होती. जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या पदरचा कवी. त्याच्या या ग्रंथात संस्कृताबरोबर अनेक देशी भाषांतील रचना येतात आणि एका बहुभाषिक दरबाराचे चित्र उभे राहते. विजापूरच्या मोहिमेनंतर १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजींच्या जहागिरीत आले. ज्या गावी असा दरबार नांदला ते गाव आपण पायांनी वाचावे, अशी एक भाबडी महत्त्वाकांक्षा मी मनाशी धरली होती.

पण गाव असे सहजासहजी वाचता येत नाही. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवस्थानाशी व्यंकोजीराजांचे नाव निगडित आहे. त्यांच्या दानाचा १६६९ चा शिलालेखही उपलब्ध आहे. त्याच देवळासमोर १९९७ साली, मोकळ्या समजल्या जाणाऱ्या जागेत खोदकाम चालले असता, जमिनीखालून पायऱ्यांची पुष्करिणी आणि नंदीच्या मुखातून पडणारी पाण्याची धार असे सगळे नंदीतीर्थ निघाले. त्या भूमीवरून लोक वर्षानुवर्षे चालत होते आणि खाली पाणी आहे याची कोणाला जाणीव नव्हती. ते पाहिल्यापासून जमिनीखालच्या बंगळूरचे मला वेड लागले.

माझ्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना ते आधीच लागलेले होते. सुटीच्या दिवशी बंद वाडे, ओस पडलेल्या गिरण्या, बुजत चाललेल्या विहिरी धुंडाळीत ते हिंडत. या उद्योगाला ते ‘अर्बन एक्स्प्लोरेशन’ म्हणत; मी आपला ‘नगरान्वेषण’ म्हणतो. बसवनगुडीतील एका जुन्या, कित्येक वर्षे कुलूपबंद असलेल्या घराच्या आवारात एक खोल विहीर होती. मालकांनी ती गाळ काढण्यासाठी उघडायचे ठरवले होते आणि त्या दिवशी आम्हांला उतरून पाहण्याची लेखी परवानगी दिली होती. “सर, सामानाची यादी तुम्हीच करा,” असे विद्यार्थ्यांनी मला सांगितले. वयाने वडील म्हणून सांगितले असावे. या विषयातील माझा अधिकार शून्य होता.

मराठी माणसाला गडकोटांची सवय असते. गो. नी. दांडेकरांसारख्यांनी आमच्याकडे पिढ्यांना गड चढायला शिकवले. परंतु गड चढणे आणि नगराच्या पोटात उतरणे यांत मूलभूत भेद आहे. गडावर कडा डोळ्यांना दिसतो, वारा अंगाला लागतो. बंद जागेतला धोका मात्र बहुधा दिसत नाही, कधी कधी त्याला वासही नसतो. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पेशवेकाळात जो भुयारी नळ बांधला गेला, त्यावर जागोजागी उभारलेल्या मनोऱ्यांना पुणेकर ‘उच्छ्वास’ म्हणतात. कोंडलेल्या जागेला श्वास लागतो, हे त्या शब्दाने मला लहानपणीच सांगून ठेवायला हवे होते.

सरदार पत्रप्पा रस्त्यावरील यंत्रसामग्रीच्या पेठेत आम्ही गेलो. विद्यार्थ्यांच्या कच्च्या यादीत कॅमेऱ्याचे भिंग पहिले होते. मी ते शेवटी ढकलले. प्रथम शिरस्त्राण घेतले. त्यावर आय. एस. २९२५ हे भारतीय मानक आणि हनुवटीखाली पट्टा असावा. आतील पट्ट्यांची जाळी आणि कवच यांत मोकळे अंतर राहावे, कारण आघात त्या अंतरातच जिरतो. एकदा जोराचा मार बसलेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे. मग पादत्राणे. पडक्या घरात पायाखालची फळी आणि फळीतला उभा खिळा यांची भीती सापापेक्षा अधिक असते. म्हणून पुढे पोलादी टोपी असलेले आणि तळव्यात खिळा न शिरणारा थर असलेले बूट. प्रत्येकाजवळ तीन दिवे: एक कपाळावर, म्हणजे हात मोकळे राहतात; एक खिशात; आणि एक, पहिले दोन विझल्यावर बाहेर येण्यापुरता. चामडी हातमोजे. छाती, खांदे आणि मांड्या यांना एकत्र बांधणारा पूर्ण पट्टा. कमरेच्या नुसत्या पट्ट्याला लोंबकळलेल्या माणसाचे शरीर मधोमध दुमडते आणि त्याला वर ओढणेही कठीण होते.

घोटाळा झाला तो मुखवट्यापाशी. दोन्ही बाजूंना काळ्या डब्या लावलेला एक भारी मुखवटा मी पसंत केला होता. दुकानदाराने कशासाठी म्हणून विचारले. विहिरीत उतरायचे आहे, असे मी सांगताच त्याने तो माझ्या हातून काढून पुन्हा फळीवर ठेवला आणि हिंदीत म्हणाला, “साहेब, हा हवा गाळतो. हवाच नसेल तर काय गाळणार?”

वाङ्मयसिद्धान्ताच्या अनेक व्याख्यानांत मला इतके नेमके वाक्य ऐकायला मिळालेले नाही. एन-९५ मुखवटा अत्यंत सूक्ष्म कणही शेकडा पंच्याण्णव अडवतो. वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या कोठडीत त्याचा उपयोग आहे, आणि तोही माझ्यासारख्या दाढीवाल्याला नाही, कारण केसांमुळे कडा चेहऱ्याला चिकटत नाहीत. कोळशाच्या डब्या काही वायू शोषतात. प्राणवायू मात्र यांपैकी कशातूनही निर्माण होत नाही. म्हणून त्या दुकानदाराच्याच सल्ल्याने आम्ही चार वायू मोजणारे एक यंत्र शनिवार-रविवारपुरते भाड्याने घेतले.

त्या रात्री मी त्या यंत्राची माहितीपुस्तिका एखाद्या दुर्बोध पोथीसारखी वाचीत बसलो. हवेत प्राणवायू शेकडा २०.९ असतो; १९.५ च्या खाली यंत्र ओरडते. १६ च्या आसपास माणसाचा विवेक सुटू लागतो, म्हणजे आपण संकटात आहोत हे कळण्याची शक्तीच आधी जाते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला असे वाटते. चौथा वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आणि, पुस्तिकेतील शब्द मी तीनदा वाचले, ज्योतीवरून त्याचे अस्तित्व ओळखता येत नाही.

येथे मला थांबावे लागले, कारण गेली तीस-पस्तीस वर्षे मी एका कंदिलाचे ओझे वाहत आलो आहे.

आमचे गाव माणदेशात. मी दहा वर्षांचा असताना उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल गेले. पंप पाणी ओढतो ते सात-आठ मीटरपर्यंतच, त्यापुढे ते चढत नाही. म्हणून पाणी खाली गेले की लोक रॉकेलवर चालणारे इंजिनच दोरांनी विहिरीत उतरवीत. तसे ते आम्हीही उतरवले. दुपारी ते बंद पडले. आमच्या शेतावर काम करणारे एक गृहस्थ, ज्यांना आम्ही मुले नाना म्हणत असू, दुरुस्तीला खाली उतरले आणि काही क्षणांत खाली बसले. त्यांचा धाकटा भाऊ “दादा” अशी हाक मारीत उतरला. मी थारोळ्यावर उभा होतो. दोघेही वर आले ते संध्याकाळी, खाटेला बांधून.

विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील खाली सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचे नाही, ही रीत आमच्याकडे सर्वांना ठाऊक होती. त्या दिवशी कंदील ओसरीवर टांगलेला होता. पिकाला पाणी हवे होते, घाई होती. आपण तो कंदील आणून दिला असता तर, हा विचार मी दहाव्या वर्षापासून बाळगला आणि कोणाजवळ बोललो नाही.

आता ही पुस्तिका मला सांगत होती की इंजिनाच्या धुराने ते गेले असतील, तर कंदील शांतपणे तेवत राहिला असता. ज्योत विझते ती प्राणवायू पुष्कळ घटल्यावर. कंदील निर्दोष होता, आणि दहा वर्षांचा मुलगाही. परंतु यात मला दिलासा मिळाला नाही. कंदिलाची चूक काढून घेतल्यावर उरली ती इंजिनाची. आणि इंजिन खाली सोडण्याचा निर्णय नानांचा नव्हता. तो आमच्या घराचा होता.

रविवारी सकाळी आम्ही बसवनगुडीच्या त्या आवारात पोहोचलो. विहिरीचे काम करायला तीन माणसे आली होती, एक साठीचे गृहस्थ आणि त्यांचे दोन मुलगे. ते मण्णु वड्डर. कानडीत मण्णु म्हणजे माती, आणि बंगळूरच्या विहिरी खोदणारी, उपसणारी ही परंपरागत जमात. आमच्याकडचे माती वडार ते हेच. विहिरीला ते ‘बावी’ म्हणाले. आमची ‘बाव’ आणि ‘बारव’ मला आठवली. राजवाड्यांच्या प्रस्तावनेत मी जो भाषासंबंध शोधीत आलो होतो तो येथे, हातात फावडे घेऊन, माझ्यासमोर उभा होता. विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत होते. मीही म्हणू लागलो.

अण्णांनी आमच्या सामानाचा ढीग कौतुकाने न्याहाळला. त्यांच्याजवळ एक दोर, एक टोपली आणि काचेचा एक दिवा होता. पायांत काही नव्हते. दिवा त्यांनी दोरीला बांधून तळापर्यंत सोडला. तो तेवत राहिला. मग माझ्या विनंतीवरून त्याच दोरीने यंत्र सोडले आणि वरच्या, मधल्या व तळाच्या पातळीला थोडा थोडा वेळ थांबवले. २०.७, २०.६, २०.४, बाकी तिन्ही शून्य. दिवा आणि यंत्र यांचे त्या दिवशी एकमत झाले. ते नेहमीच होत नाही, हे मी एका विद्यार्थिनीकरवी त्यांना सांगितले. धुराच्या वायूला दिवा फसतो, म्हणून विहिरीत इंजिन सोडू नये, इतके तरी मला त्यांना सांगायचेच होते. त्यांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक होते. कसे ठाऊक, ते मी विचारले नाही.

माझा पट्टा आवळून झाला तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न केला: “हग्ग यारु हिडीतारे?” दोर कोण धरणार?

मी यादी केली होती, मानके तपासली होती, तीन-तीन दिवे घेतले होते. पण वर कोण राहील याचा विचार केला नव्हता. सर्वांनाच खाली जायचे होते. वर राहणे हे कोणाच्याच उत्साहात बसत नव्हते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली नोंदवले होते की बंदिस्त जागेतील मृतांत निम्म्याहून अधिक लोक वाचवायला उतरलेले असतात. नानांचा भाऊ त्यांतलाच. वर ज्याने थांबायचे त्याने काही झाले तरी उतरायचे नाही. दोर ओढायचा आणि मदत बोलवायची. हे काम धैर्याचे आहे, कारण त्यात धावून जाता येत नाही.

मी पट्टा सोडला आणि अण्णांना दिला, शिरस्त्राणही दिले. दोराचा एक वेढा आम्ही फणसाच्या बुंध्याला घातला. दोराचा मोकळा शेवट मुलग्यांबरोबर मी धरला. अण्णा उतरले. विद्यार्थी मागाहून एकेक करून, त्यांच्या देखरेखीखाली, उतरले आणि परत आले. दगडी बांधकामाची छायाचित्रे त्यांनी मला दाखवली. मी स्वतः ती विहीर आतून पाहिलेली नाही.

आमचा शोध हौसेचा होता, म्हणून आम्हांला साधनांची निवड करता आली. ज्यांना पोटासाठी उतरावे लागते त्यांच्यापुढे ही यादी कोणी ठेवीत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा मैलाटाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आणि नियमांत साधनांची लांबलचक यादीही दिली. सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख ठरवली. यादी आहे, किंमतही ठरलेली आहे. तरी मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. विहीर तर त्या कायद्याच्या शब्दांतही बसत नाही.

संध्याकाळी अण्णांनी शिरस्त्राण पुसून मला परत देऊ केले. ते तुमच्याजवळच असू द्या, पट्टाही असू द्या, असे मी म्हणालो. त्यांनी ते घेतले. मग गवतावर ठेवलेल्या त्या लहानशा यंत्राकडे बोट दाखवून त्यांनी काही विचारले. विद्यार्थिनी क्षणभर घुटमळली आणि मग मला म्हणाली, “सर, अण्णा विचारतात, मंगळवारी त्यांना दुसऱ्या विहिरीवर जायचंय, हे मिळेल का?”

यंत्र सोमवारी सकाळी दुकानात परत द्यायचे होते.