अपूर्ण

‘बरे वाटत नाही’ हे वाक्य मी वीस वर्षे मुलांच्या तोंडून ऐकत आलो आहे. चित्रकलेच्या तासाला तर ते हमखास कानी पडते. वही घरी राहिली की मुलाचे पोट दुखते. झाड जमले नाही की डोके. असल्या दुखण्यांवर माझ्याजवळ एकच औषध असे : तांबडी शाई. अर्धवट चित्राखाली ठसठशीत अक्षरांत ‘अपूर्ण’ असे लिहून मी मोकळा होत असे.

गेल्या पावसाळ्यात मात्र हेच वाक्य माझ्या ओठांवर आले, आणि ते कोणाला सांगावे हे मला कळेना.

त्याचे असे झाले : साताऱ्याला २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरते. गावातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि तसेच माघारी यायचे. अंतर एकवीस किलोमीटरांहून थोडे अधिक. चाळिशी उलटली की माणसाला एकाएकी तरुण व्हावेसे वाटते, मलाही वाटले. सहा महिने मी पहाटे उठून धावलो. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे, ते वर्गात सांगितले.

शर्यतीच्या आधल्या बुधवारी मला ताप भरला. शुक्रवारी तो उतरला. पण जाताना अंगातले सगळे बळ बरोबर घेऊन गेला. शनिवारी रात्री आमच्या सौ.नी मनगट धरून नाडी मोजली. एरवी बासष्ट असणारी नाडी पडल्या पडल्या अठ्ठ्याहत्तर!

“अहो, ही इतकी धावतेय, आता तुम्ही आणखी कशाला धावता?”

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ताप गेला तरी शरीराची आतली लढाई संपलेली नसते. अशा वेळी हृदयाला ताण देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण वर्गभर मुलांदेखत मारलेल्या बढाईवर शास्त्राची मात्रा चालत नाही.

पहाटे भुरभुर पाऊस होता. पहिले दोन किलोमीटर मी गर्दीच्या भरात तरून गेलो. मग घाट लागला. मागे अजिंक्यतारा धुक्यात बुडाला, कडेला तेरडा फुलला होता, आणि माझे लक्ष मात्र छातीतल्या धडधडीकडे. घाटात हजार माणसे असली तरी प्रत्येक जण आपापल्या श्वासाबरोबर एकटा असतो. मी धावायचा चालू लागलो, चालायचा थांबू लागलो. माझ्याहून वीसेक वर्षांनी वडील असे एक गृहस्थ “चला, चला!” म्हणत पुढे निघून गेले.

घाटमाथ्यावर पाण्याचे टेबल होते. पेला पुढे करणारा हात ओळखीचा निघाला. आठवीतला विद्यार्थी, माझ्या तांबड्या शाईचा सर्वांत मोठा धनी. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले.

“सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये.”

मी नुसती मान हलवली.

“मग इथनंच फिरा ना, सर. मी नाही सांगणार कुणाला.”

पलीकडच्या बाजूने पुढचे धावपटू भराभर उतरत होते. रस्ता ओलांडला की झाले. मीही त्यांच्यातलाच एक! मी ओलांडला. पण पाठीवर घामापेक्षा त्या पोराचे शब्द जास्त चिकटले होते. दोन वर्षे मी त्याचे उणे ठळक अक्षरांत लिहीत होतो, आणि माझे उणे झाकायला त्याने एक क्षणही घेतला नव्हता.

उतारावर दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते. “शाबास काका, थोडंच राहिलं!” टाळीगणिक मला मेल्याहून मेल्यासारखे होत होते. शेवटी एका मुलीने हसत पदक पुढे केले. ते गळ्यात पडायला मान वाकवण्याचाच अवकाश होता.

“नको, बाळ,” मी म्हटले, “मी घाटमाथ्यावरूनच फिरलो.”

ती गोंधळली. मग म्हणाली, “बरं, केळं तरी घ्या, काका!”

ते केळे मी पायरीवर बसून खाल्ले. इतके गोड केळे मी पुष्कळ दिवसांत खाल्ले नव्हते.

सोमवारी वर्गात सगळे सांगून टाकले. दोघेचौघे खुदकन हसले. मागच्या बाकावरच्या एकाने मात्र मान खाली घातली. त्याच तासाला त्याची वही माझ्यासमोर आली. विषय होता ‘पावसाळी सकाळ’. कागदावर घाटाची दोन वळणे होती; तिसरे अर्ध्यावरच नाहीसे झाले होते. वर सगळा कागद कोरा!

“वर काय आहे रे?”

“धुकं, सर.”

ते धुके होते की त्याचा आळस, हे मला आजही सांगता येणार नाही. पण यवतेश्वरचा घाट त्या रविवारी मला अगदी असाच दिसला होता. मी वही मिटून त्याच्या हाती दिली. तांबड्या पेनाचे टोपण त्या दिवशी काही मी काढले नाही.