लाकडाची तहान

लाकूड सुकलं की त्याला तेल पाजावं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. डोक्याला तेल, बिजागरीला तेल, क्रिकेटच्या नव्या बॅटलाही तेल. मग गिटारलाच का नको? पण लाकडाला तहान असलीच तर ती तेलाची नसते. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसतं. फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची, म्हणजे धातूच्या पडद्यांची, टोकं कडेला बाहेर येतात आणि बोटांना करवतीसारखी लागतात. तेलाचं काम एवढंच, की ही देवघेव जरा सावकाश व्हावी आणि लाकडाचा वरचा थर भेगाळू नये.

माझ्याकडची गिटार मामूंची. लग्नसराईत ते एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांच्या इंतकालानंतर दोन वर्षं ती अम्मीच्या कपाटावर खोळीत पडून होती. खाली काढली तेव्हा फ्रेटबोर्ड राखाडी दिसत होता. अम्मीनं हात फिरवला आणि म्हणाली, "लकडी सूक गई रे, तेल पिला उसको." लगेच खोबरेलाची बाटली पुढे सरकवली. भावाच्या वस्तूसाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं, एवढंच तिला म्हणायचं होतं. तिला नुसतं नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं. नीट उत्तर द्यायचं तर तेलांची माहिती हवी होती.

पहिलं पाहायचं ते लाकूड उघडं आहे की त्यावर पॉलिश आहे. मेपलच्या फिकट फ्रेटबोर्डवर बहुधा लॅकरचा थर असतो. त्यावर तेल ओतून उपयोग नाही, ते आत जातच नाही. आपल्या मिरजेच्या सतारीला लाखेचं पॉलिश असतं, तिलाही कोरडं फडकं पुरतं. तेल लागतं ते रोजवुड आणि एबनी या उघड्या लाकडांना. मामूंच्या गिटारचं लाकूड रोजवुड, म्हणजे आपला शिसवच. सह्याद्रीत वाढणारं हे झाड जगभरच्या गिटारींना पुरलं आहे. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये ब्राझीलच्या रोजवुडऐवजी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. २०१७ पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. असं लाकूड हाती असताना प्रयोग जपूनच करावेत.

आता तेलं. रसायनशास्त्रात तेलाचा आयोडीन अंक मोजतात. अंक जितका मोठा, तितकं ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर जुळतं आणि घट्ट होतं. जवसाचा अंक साधारण १७० ते २००. म्हणून जवसाचं तेल वाळून कडक पापुद्रा धरतं. बॅटला ते चालतं. फ्रेटबोर्डवर मात्र दर खेपेला थरावर थर चढतो, आणि तो काढणं कठीण. शिवाय जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. शेंगदाणा आणि तीळ मधल्या गटातले. ही तेलं पुरती वाळत नाहीत आणि स्वच्छही राहत नाहीत. चिकट होतात, खवट वास येतो, धूळ धरून ठेवतात.

खोबरेलाचा अंक साधारण ६ ते ११. स्वयंपाकघरातल्या तेलांत सगळ्यांत कमी. म्हणजे अम्मीची निवड या सगळ्यांत उजवी होती, आणि हे मी तिला सांगितलंही. अडचण इतकीच, की २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं आणि लाकडाच्या छिद्रांत पांढरं होऊन बसतं. आमच्या भागातल्या हिवाळ्यातल्या रात्री त्याला पुरतात. शिवाय उशिरा का होईना, तेही खवट होतंच.

उरतं ते खनिज तेल. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं. ते वाळत नाही, खवट होत नाही, त्याला वास नाही. वाद्यांच्या दुकानातल्या 'लेमन ऑइल'च्या बहुतेक बाटल्यांतही मुख्यतः हेच असतं, वरून लिंबाचा सुगंध. खऱ्या लिंबाच्या सालीचं तेल मळ सोडवतं, पण लाकडाला त्याचा आधार फार वेळ राहत नाही.

तेलाआधी मळ काढावा लागतो. जिवावर आलं ते इथे. तारा काढल्या, मऊ ब्रशनं घासलं, किंचित ओलसर फडकं फिरवलं, आणि फडकं काळं झालं. तो मामूंच्या बोटांचा घाम होता, कितीतरी वर्षांचा. अम्मी फडक्याकडे बघत राहिली. पण मळाखाली तेल घालणं म्हणजे मळच मुरवणं. मळ गेल्यावर पहिल्या तीन पडद्यांमधलं लाकूड नीट दिसलं. तिथे बोटांच्या रुंदीचे उथळ खोलगे पडले होते. ते कुठलं फडकं पुसू शकणार नव्हतं.

मी कापडावर पाचसहा थेंब घेऊन लाकडावर फिरवले. पाच मिनिटं थांबलो. शिसव जांभळट काळा झाला. मग कोरडं कापड अम्मीच्या हातात दिलं. या कामात सगळ्यांत महत्त्वाचं तेच असतं, जास्तीचं तेल उरू न देणं. तिनं कडेकडेनं, पडद्यांच्या खाचेतून, अगदी सावकाश पुसलं. खोलग्यांपाशी तिचं बोट थोडं जास्त वेळ थांबलं.

तुमच्याकडेही अशी एखादी गिटार असेल तर वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तारा बदलताना एवढं करा. उन्हाळ्यात तिला खोळीत ठेवा, जवळ आर्द्रतामापक असू द्या. काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर तेलाची फारशी आठवणही येणार नाही. आणि वाजवत राहा.