अठरा ओहोट्यांचा मुलूख

सुंदरबनात वाघ पाहायला जाणाऱ्याला वाघ दिसत नाही, हे आम्हांला सियालदहच्या लोकलमध्येच एका सहप्रवाशाने सांगून टाकलं. "तुम्हांला वाघ दिसणार नाही, वाघाला तुम्ही दिसाल," असं तो म्हणाला. हे वाक्य तिथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं जातं, हे आम्हांला पुढे कळलं.

आम्ही बारा जण होतो. श्रीवर्धन-म्हसळ्याकडचे, बहुतेक निवृत्त शिक्षक, सोबत घरच्या बायका, वयाने सगळ्यांत मोठ्या खाला आणि आमचे हाजीसाहेब. २०२४ च्या डिसेंबरात निघालो. जंगल म्हटलं की आमच्याकडे ताडोबा, जिप्सी, धूळ आणि डोक्याला बांधलेले रुमाल. होडीत बसून जंगल पाहायचं ही कल्पना खाडीकाठच्या माणसांना जास्त मानवली. राजपुरीच्या खाडीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना होडीत बसायला कोणी शिकवावं लागत नाही.

कॅनिंगला उतरून पुढे गाडीने गोदखालीला गेलो आणि तिथून लाँच धरली. स्थानिक लोक तिला 'भटभटी' म्हणतात. इंजिनाचा आवाज ऐकला की नाव पटतं. वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, खाली स्वयंपाकघर आणि मागे सुकाणूवर माझी. जंगलात शिरायचं तर वनखात्याचा परवाना आणि त्यांनी मान्यता दिलेला गाइड सोबत हवाच. आमचा गाइड चाळिशीचा, सडपातळ, बंगाली वळणाची हिंदी बोलणारा. त्याने पहिल्याच मिनिटाला नियम सांगितले. ठरलेल्या जागा सोडून कुठेही होडीतून पाय खाली ठेवायचा नाही, पाण्यात हात घालायचा नाही, अंधार पडायच्या आत जंगलातून बाहेर पडायचं. मुक्काम पाखिरालयला, म्हणजे जंगलाच्या समोरच्या काठावर. मधे एक नदी. अलीकडे माणसं, पलीकडे वाघ. अलीकडच्या काठाची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, तिला मातीच्या बांधाचा आधार. हा बांध २००९ साली आयला वादळात फुटला होता. २० मे २०२० ला अम्फान आलं तेव्हाची कहाणी गाइड सांगू लागला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, ३ जूनला, निसर्ग वादळाने आमच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या होत्या. "आमच्याकडे शेतात खारं पाणी शिरलं, तीन वर्षं धान नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे सुपारी धरायला दहा वर्षं," आमचे गुरुजी म्हणाले. ओळख व्हायला एवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी निघालो. जनावरं पाहायची तर ओहोटीच बरी, कारण पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि सगळा संसार तिथे येतो. नदीतून खाडीत, खाडीतून आणखी अरुंद खाडीत होडी शिरत गेली. तिथे इंजिनाचा आवाज कमी केला. दोन्ही बाजूंना चिखलातून वर आलेली मुळं, जणू कोणी भाले उलटे रोवून ठेवलेत. खाला म्हणाल्या, "हे तर आपले तिवर." काही झाडं आमच्या ओळखीची होतीच. गाइड नावं सांगत गेला. केवडा, पण आपला सुवासाचा केवडा नव्हे, गेंवा, ज्याचा चीक डोळ्यांत गेला तर दिसायचं बंद होतं, गराण, आणि हेंताळ, बुटकी काटेरी खजुरी. हिचं पान वाळलं की पिवळं-काळं दिसतं आणि वाघ नेमका तिच्या आड बसतो. सुंदरी झाडावरून जंगलाचं नाव पडलं म्हणतात, पण आता ते इकडे फारसं आढळत नाही. त्याला गोडं पाणी लागतं आणि इकडच्या नद्यांमध्ये वरून येणारं गोडं पाणी आटत चाललं आहे.

निवट्या दिसल्या तेव्हा आमच्या बायकांनी आधी कालवणाचा विषय काढला. खेकडे, घोरपड, पाच प्रकारचे खंड्ये. एका वळणावर मगर, चिखलाच्याच रंगाची, तोंड उघडं. केवड्याच्या झाडावर माकडं बसून पानं खाली टाकत होती आणि खाली चितळं ती खात होती. माकडं मुद्दाम टाकतात की नुसती सांडतात, यावर गुरुजी आणि हाजीसाहेब यांच्यात बराच वेळ वाद चालला.

आणि मग पंजा. चिखलातून वर जंगलात गेलेली ओळ, प्रत्येक ठसा थाळीएवढा. गाइडने माझीला खूण केली. इंजिन बंद झालं. तो हळू आवाजात म्हणाला, "भरतीने हा काठ धुतला त्याला सहा तास झाले नाहीत. म्हणजे हा त्यानंतर गेला." वाघ दिसला नाही. पण इतक्या ताज्या पावलांसमोर सगळे गप्प झाले, कॅमेरेसुद्धा. २०२२ च्या गणनेत भारताच्या बाजूच्या सुंदरबनात सुमारे शंभर वाघ आढळले. साऱ्या जंगलाचा मोठा वाटा सीमेपलीकडे बांगलादेशात आहे. वाघ पोहत नद्या ओलांडतो, त्याला सीमा कोण दाखवणार.

दोबांकीला झाडांच्या उंचीवर बांधलेला पूल आहे, दोन्ही बाजूंनी जाळी. पिंजऱ्यात आम्ही, मोकळे ते. हे आम्हांला योग्यच वाटलं.

पण खरी गोष्ट सजनेखालीला सुरू झाली. परवान्याच्या कचेरीजवळ एक छोटं देऊळ आहे. गाइडने चप्पल काढली, हात जोडले आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "ही बोनबीबी. तुमचीच आहे. मक्केच्या फकिराची मुलगी."

हाजीसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. बाकीचे आम्ही पुढे सरकलो.

कथा अशी. मक्केचा इब्राहिम आणि गुलालबीबी यांची जुळी मुलं, बोनबीबी आणि शाह जंगली. जंगलात जन्मली, हरणांत वाढली. मोठेपणी मदिनेहून या 'आठारो भाटीर देश'मध्ये, म्हणजे अठरा ओहोट्यांच्या मुलखात आली. इथे दक्खिन राय राज्य करायचा, वाघाचं रूप घेऊन माणसं खायचा. लढाई झाली, बोनबीबी जिंकली, पण तिने त्याला मारलं नाही. जंगल वाटून दिलं, आत त्याचं, काठावर माणसांचं. पुढे धोना नावाचा एक मधवाला व्यापारी दुखे नावाच्या गरीब विधवेच्या मुलाला सोबत नेतो आणि मध-मेणाच्या सात होड्यांच्या बदल्यात त्याला दक्खिन रायपुढे सोडून येतो. दुखेच्या आईने निघताना सांगितलेलं असतं, संकटात बोनबीबीला हाक मार. तो हाक मारतो, ती येते, मांडीवर घेते. म्हणून मूर्तीत पुष्कळदा तिच्या मांडीवर एक पोर असतं.

ही कथा 'बोनबीबी जहुरनामा' या नावाने छापील पोथीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुन्शी मोहम्मद खातिर यांच्यासारख्या मुसलमान शायरांनी ती बंगाली पद्यात लिहिली, अरबी-फारसी शब्दांची सढळ पेरणी करून. लिपी बंगाली, ओळी डावीकडून उजवीकडे, पण पोथी उघडायची कुराणासारखी उजवीकडून. ती मध काढायला जाणारे हिंदूही वाचून घेतात आणि मुसलमानही. हिंदू वस्तीत ती मुकुट घालून वाघावर बसते, मुसलमान वस्तीत तिला वेणी, पायजमा आणि पायांत बूट. मध काढणाऱ्यांच्या टोळीबरोबर मंत्र म्हणणारा फकीर जातो. गाइड म्हणाला, शुक्रवारी जंगलात पाऊल टाकायचं नाही, त्या दिवशी बोनबीबी जुम्म्याला गेलेली असते.

वाचकहो, 'मुसलमान असून मराठी इतकी छान कशी बोलता?' हा प्रश्न आपल्यातल्या कोणाला विचारला गेला नसेल? आम्ही बारा जणांनी मिळून तो शेकडो वेळा ऐकला असेल. घरात कोकणी मराठी, शाळेत मराठी, पगाराच्या चिठ्ठीवर मराठी, तरी प्रश्न येतोच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहून चार शतकं होत आली, तरी येतो. म्हणून त्या उजवीकडून उघडणाऱ्या बंगाली पोथीचं आम्हांला अप्रूप वाटलं. तिथल्या मुन्शीला कोणी विचारलं नसावं की बंगाली का लिहितोस. चिखल आणि वाघ यांच्याविषयी तो दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिणार होता?

होडीत परतल्यावर हाजीसाहेबांनी विषय काढलाच. "मदत मागायची ती एकाच ठिकाणी. हाक मारायची ती अल्लाहला. हे जे चाललंय त्याला काय म्हणतात ते तुम्हांला माहीत आहे." त्यांचं म्हणणं आम्ही टाळलं नाही. अकिद्याची बाब आहे आणि ते मनापासून बोलत होते. गुरुजींचं म्हणणं वेगळं: पोथी वाचली तर बोनबीबी पदोपदी अल्लाहचंच नाव घेते, आणि तिचा नियम एवढाच की जंगलात रिकाम्या हाताने, साफ मनाने जा, गरजेपुरतं घे. "यात शिर्क कुठे आणि नसीहत कुठे, ते तुम्हीच सांगा." वाद मिटला नाही. जोहरची वेळ झाली होती. माझीने विचारलंही नाही, होडी एका सरळ पात्रात आणून नांगर टाकला आणि पश्चिमेकडे बोट दाखवलं. दररोजचं असावं त्याचं.

त्या रात्री पाखिरालयला जेवणं झाल्यावर भांडी घासायला येणाऱ्या बाईविषयी गाइडने सांगितलं. तिचा नवरा खेकडे धरायला गेला होता. परवाना दुसऱ्याच्या नावाचा, भाड्याने घेतलेला. परवाने थोडे आणि जाणारे फार, म्हणून असे व्यवहार चालतात. तो जंगलाच्या मनाई असलेल्या भागात गेला आणि वाघाने नेला. सोबत्यांनी पोलिसांत सांगितलं की नदीत बुडाला, कारण खरं सांगितलं असतं तर दंड, होडी जप्त आणि परवानेवालाही अडचणीत. नवरे जंगलात गेले की इथल्या बायका ते परतेपर्यंत विधवेसारख्या राहतात, बांगड्या काढतात, कुंकू पुसतात. तिने पुन्हा घातलंच नाही. वर लोक वाघाने नवरा नेलेल्या बाईला 'नवरा खाणारी' म्हणतात ते वेगळंच.

२०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अशाच एका विधवेला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला, नवरा मनाईच्या भागात मेला की बाहेर हा भेद न करता. गुरुजींनी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते उत्साहाने म्हणाले, हिचाही अर्ज करू, आम्ही लिहून देतो. गाइड म्हणाला, "शवविच्छेदनाचा कागद कुठून आणणार? देह मिळालाच नाही. आणि ठाण्यात लिहिलंय, बुडाला."

सकाळी निघताना आम्ही सगळ्यांनी मध विकत घेतला, तिथल्याच गावच्या लोकांनी काढलेला. बाई चहाचे कप गोळा करत होती. हाजीसाहेबांनी गाइडला मध्ये घालून तिला विचारलं, मुलं किती. एक मुलगा, ती म्हणाली. केरळात आहे, बांधकामावर. चार वर्षांत एकदा आला. इथे राहिला असता तर नदीतच गेला असता.

हाजीसाहेबांनी खिशातून काही नोटा काढल्या. तिने घेतल्या नाहीत. मग त्यांनी मुलाचं नाव विचारून घेतलं आणि डायरीत लिहिलं. का, ते आम्ही विचारलं नाही. ओहोटी लागायच्या आत गोदखालीला पोहोचायचं होतं आणि माझी वरून हाका मारत होता.