मागची काच

आमच्या गाडीचा मागचा वायपर बंद पडला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि सुरू झाला तो ऑगस्टच्या अखेरीस. मधले अडीच महिने तुम्ही काय करीत होता, असे सौभाग्यवतीने मला बऱ्याचदा विचारले आहे. खरे उत्तर असे की, मी काहीच करीत नव्हतो. पुढचा वायपर बिघडता तर त्याच दिवशी धावाधाव केली असती. पण मागचा! गाडी जायची पुढे. मागचे पाहून करायचे काय? वर्गात ‘सिंहावलोकन’ हा शब्द आला की मी सिंहाची ती चार पावले टाकून मान वळवण्याची लकब मोठ्या तन्मयतेने मुलांना करून दाखवतो. पण मोटारीत बसलेला मराठीचा प्राध्यापक म्हणजे काही सिंह नव्हे.

चिंचवडहून चाकणच्या बाजूला कॉलेजात जायचे म्हणजे मोशीवरून नाशिक रस्ता धरावा लागतो. पावसाळ्यात या रस्त्यावर कंटेनर, टँकर आणि नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन निघालेले लांबलचक ट्रेलर यांची रांग असते, आणि प्रत्येकजण आपापल्या परीने चिखल उडवीत असतो. आमच्यासारख्या आखूड गाडीची पाठ जवळजवळ उभी. तिच्या मागे हवेची पोकळी होते, तिथे वारा गरगरतो आणि चाकांनी उडवलेले चिखलपाणी ओढून थेट काचेवर आणून थापतो. लांब डिकीच्या गाडीची मागची काच उतरती असते, तिच्यावरून वारा सरळ निघून जातो. म्हणून तसल्या गाड्यांना मागे वायपर बहुधा नसतोच. मोशीपर्यंत आमची काच तांबूस व्हायची, आणि कॉलेज येईतो सारवलेल्या भिंतीसारखी दिसायची.

काच पुसण्याच्या या दांडीचे पेटंट १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी घेतले. न्यूयॉर्कच्या ट्रॅममध्ये बसल्या असताना, काचेवरच्या बर्फापायी चालकाची चाललेली तारांबळ त्यांनी पाहिली आणि आतून हाताने फिरवायची दांडी काढली. तीही पुढच्याच काचेसाठी, हे मी सौभाग्यवतीच्या नजरेस आणून दिले. त्यावर ती म्हणाली, ‘‘त्यांना त्या ट्रॅमने पार्किंगमध्ये रिव्हर्स यायचं नव्हतं.’’

तिच्या सांगण्यावरून जुलैत एकदा गाडी वर्कशॉपमध्ये नेलीही. तिथल्या तरुणाने बटण दाबले, कान दिला आणि हातातल्या पाटीवर बोट फिरवून सांगितले, ‘‘सर, असेंब्ली बदलायला लागेल. चार हजार आठशे.’’

‘‘दुरुस्त नाही का होणार?’’

‘‘रिपेअर नसतं सर यात. रिप्लेसच असतं.’’

मी परत आलो, आणि आपण चार हजार आठशे रुपये वाचवले या आनंदात आणखी एक महिना काढला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी पाऊस कोसळत होता. सातचे लेक्चर होते आणि मला उशीर झाला होता. गाडी मागे घ्यायची रोजची सवय. दोन्ही बाजूंच्या आरशांत पाहिले, मधल्या आरशात नुसती करडी काच दिसली, आणि मी गाडी सोडली. तेवढ्यात टपावर धाडकन काहीतरी आदळले. मी ब्रेक दाबला. तळमजल्यावरचे काका छत्री मिटवून तिच्या मुठीने टपावर ठोकीत होते. ‘‘थांबा! थांबा!’’

मी उतरलो. आमच्या इमारतीच्या इस्त्रीवाल्याचा पाच वर्षांचा मुलगा गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. उतारावरून वाहणाऱ्या पाण्यात त्याने कागदाची होडी सोडली होती आणि ती कुठवर जाते ते तो पाहत होता. त्याच्या आणि बंपरच्या मध्ये वीतभर अंतर होते. तो भ्यालासुद्धा नव्हता. ‘‘काका, होडी खाली गेली,’’ एवढेच मला म्हणाला.

त्या दिवशी मी लेक्चर घेतले नाही. जिन्यात बसून राहिलो. तळमजल्यावरचे काका मला एक अक्षरही बोलले नाहीत, आणि तेच सोसवेना. आताच्या गाड्यांना मागे कॅमेरा असतो, आमची दहा वर्षांची जुनी, असे काहीतरी मी मनाशी म्हणत होतो. पण गाडीच्या वयाचा आणि माझ्या आळसाचा काही संबंध नव्हता.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात पत्र्याची हिरवी पेटी. ‘‘चला सर, मोटर उघडू.’’

काका पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे टूलरूममध्ये होते. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे मोटारींचे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपे भोसरीत उभी राहिली. १९९८ साली इंडिका आली ती इथलीच. २००९ साली फोक्सवॅगन चाकणला आली. आमच्या इमारतीत मोटारीच्या एखाद्या तरी भागाला हात न लागलेले घर बहुधा आमचेच. काका निवृत्त झाल्यापासून सोसायटीचे नळ आणि कुलुपे तेवढी दुरुस्त करीत. पेटी उघडल्यावर त्यांचा चेहराच पालटला.

आधी फ्यूज पाहिला, शाबूत. मग मला बटण दाबायला सांगून अकरावीतल्या आमच्या कन्येला त्यांनी डिकीला कान लावायला लावला.

‘‘गुं गुं करतंय,’’ ती म्हणाली.

‘‘मग करंट पोचतोय. मोटर जिवंत आहे, शाफ्ट धरलाय. बंद करा सर, नाहीतर जळेल.’’

वायपरची दांडी जिथे विसावते तिथे त्यांनी काचेवर चिकटपट्टीची खूण केली. टोपण काढून नट सोडला. पण दांडी दातेरी शाफ्टवर घट्ट बसलेली. मी हातोडी पुढे केली. काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘‘ठोकलं तर काच जाईल.’’ तेल सोडून चहा घेतला, तोवर तिने पकड सोडली. आतले प्लास्टिकचे आवरण काढताना एक क्लिप मोडली. ते काम माझ्याकडे होते.

मोटर बाहेर आली तेव्हा दुखणे उघडे पडले. शाफ्ट काचेतून बाहेर येतो तिथली रबराची रिंग कडक होऊन चिरली होती. तिच्यातून पावसाचे पाणी शाफ्टच्या कडेने उतरत राहिले, लोखंड गंजले, सभोवतालच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली आणि शाफ्ट आपल्याच घरात अडकला. चार हजार आठशेच्या दुखण्याचे मूळ ते बोटातल्या अंगठीएवढे रबर! काकांनी सर्क्लिप काढली, लाकडाचा तुकडा मध्ये धरून शाफ्ट हळूहळू ठोकून काढला, पॉलिश पेपरने घासला. गिअरमधले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ते खरवडून नवे भरले. रिंग भोसरीत पंधरा रुपयांना मिळाली.

कन्येला त्यांनी एक गंमत दाखवली. गिअरच्या चकतीवर तांब्याची एक पट्टी असते. आपण बटण बंद केले तरी दुसऱ्या वायरीतून या पट्टीमार्फत करंट येत राहतो, आणि दांडी आपल्या जागी पोचली की पट्टी तुटते व मोटर थांबते. म्हणून वायपर कधी काचेच्या मध्यावर उभा राहत नाही. ‘‘भोंगा झाला म्हणून हातातला जॉब अर्धा टाकून जायचं नसतं,’’ काका म्हणाले. ‘‘आधी मोटर एकदा नुसती फिरवून तिला तिच्या जागी थांबू द्यायची. दांडी मग बसवायची. नाहीतर पत्र्यावर आपटत बसेल.’’

मी पैशांचे विचारले तेव्हा काकांनी रिंगेचे पंधरा रुपये मोजून घेतले. ‘‘आता कुणी उघडूनच बघत नाही,’’ ते हात पुसत म्हणाले. मग पेटीतला एक जुना टेस्ट लॅम्प काढून त्यांनी कन्येला दिला.

गणपतीच्या आधी पुन्हा मोठा पाऊस आला. सातचे लेक्चर होते. मी बसलो, मागचे पाणी सोडले, वायपर फिरवला. मळलेल्या काचेवर हातपंख्याएवढी जागा स्वच्छ झाली, आणि तिच्यात इस्त्रीवाल्याचा मुलगा उभा होता. या वेळी होडी वर्तमानपत्राची होती, चांगली मोठी. मी हॉर्न वाजवला नाही. त्याने ती पाण्यात सोडली, वाकून तिची दिशा नीट केली, ती गटाराच्या जाळीपाशी अडकेपर्यंत तिच्याबरोबर चालत गेला, आणि मग सावकाश बाजूला झाला.